पाच मिनिटांचा देव

परवा पुस्तकांचं कपाट आवरायला घेतलं. (म्हणजे खालचे दोन कप्पे लेकीने आधीच 'आवरले' होते, मी फक्त जमिनीवरचं वर ठेवत होते.) त्यात एकाच जातीची पाच पुस्तकं निघाली. फिकट गुलाबी नाहीतर फिकट निळं कव्हर, त्यावर कॉफीचा मग, आणि नावात कुठेतरी 'बिझी', 'मॉम' आणि 'मिनिट' यांपैकी निदान दोन शब्द. दोन लेकीच्या बाप्तिस्म्याला आलेली, एक नाताळात, एक महिला संघाच्या कार्यक्रमात बक्षीस म्हणून, आणि पाचवं (खोटं कशाला बोलू?) मी स्वतः रात्री दीड वाजता, लेक मांडीवर असताना, ऑनलाइन मागवलेलं.

पाचही मी वाचायला घेतली होती. एकही फेब्रुवारी ओलांडू शकलं नाही. इतके दिवस मला वाटत होतं की दोष माझा आहे. आता वाटत नाही. आजचा लेख त्या पाच पुस्तकांवर राग काढण्यासाठी आहे, त्यामुळे ज्यांना ती आवडतात त्यांची आधीच माफी मागून ठेवते :)

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ख्रिस्ती घरांतून 'दैनिक मनन' नावाची पुस्तकं असतात. वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक पान. वर पवित्र शास्त्रातलं एखादं वचन, खाली चार परिच्छेद, शेवटी दोन ओळींची प्रार्थना. सकाळी उठल्यावर वाचायचं. आमच्या लहानपणी आजी चहा गाळायच्या आधी वाचायची, मोठ्याने, आणि आम्ही पेंगत ऐकायचो. या प्रकाराला माझा काहीच विरोध नाही. माझं भांडण आहे त्याच्या एका नव्या पोटजातीशी: 'व्यस्त आईसाठी पाच मिनिटांत'.

त्यातल्या पानाचा साचा ठरलेला असतो. लेखिकेच्या हातून किंवा तिच्या मुलाच्या हातून काहीतरी सांडतं. बहुतेक वेळा दूध. ती ओरडते. मग तिला अपराधी वाटतं. मग मूल गोड हसतं. मग तिच्या लक्षात येतं की देवही आपल्याकडे असाच बघत असेल. आमेन. खाली रिकाम्या रेघा: 'आज मी कशाकशासाठी कृतज्ञ आहे?' दुसऱ्या दिवशी दुधाऐवजी कपड्यांचा ढीग. तिसऱ्या दिवशी शाळेची बस चुकते. साचा तोच, फक्त व्हेरिएबल बदललं. आमच्या धंद्यात असा कोड कुणी लिहिला तर रिव्ह्यूमध्ये परत येतो.

पहिली तक्रार तारखेची. पानावर १४ जानेवारी लिहिलेलं असतं आणि तुम्ही ते १९ तारखेला उघडता. म्हणजे पाच पानं थकली. आता ती वाचायची की सोडून द्यायची? वाचायची तर पंचवीस मिनिटं कुठून आणू? सोडली तर मनात खुपत राहतं. महिनाभरात बॅकलॉग इतका वाढतो की पुस्तक दिसलं तरी नजर दुसरीकडे वळवावीशी वाटते. ऑफिसात एक बॅकलॉग, घरात धुण्याचा दुसरा, आणि आता देवाकडेही तिसरा. ज्या बाईला हलकं वाटावं म्हणून पुस्तक दिलं, तिच्या डोक्यावर अजून एक थकबाकी चढवली.

पण खरी तक्रार ही नाही. तारखा खोडून वाचता येतं, मी तेही करून पाहिलं. खरी तक्रार या पुस्तकांनी आईची जी समजूत करून घेतली आहे तिच्याबद्दल आहे. तिला वेळ नाही, म्हणजे तिला डोकंही नाही. ती दमलेली आहे, म्हणजे तिला फक्त थोपटायचं. अवघड काही द्यायचं नाही, शंका काढायची नाही, तिच्या रागाला हात लावायचा नाही. जी बाई दिवसभर प्रॉडक्शनमधले बग शोधते, रात्री कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब लावते, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा पाठ ठेवते, तिला देवाबद्दल मात्र बालवाडीच्या पातळीवर सांगायचं. का बुवा?

आता गंमत बघा. इंग्रजीतलं सगळ्यात प्रसिद्ध दैनिक मननाचं पुस्तक कोणतं म्हटलं तर बहुतेक जण ऑस्वल्ड चेंबर्स यांचं 'माय अटमोस्ट फॉर हिज हायेस्ट' हेच नाव घेतील. १९२७ साली निघालं, अजून छापलं जातं. पण चेंबर्स वारले १९१७ मध्ये. पहिल्या महायुद्धात ते इजिप्तमध्ये कैरोजवळ सैनिकांच्या छावणीत काम करत होते, अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर गेले. मग दहा वर्षांनी पुस्तक आलं कुठून?

त्यांच्या बायकोकडून. गर्ट्रूड चेंबर्स, घरातलं नाव बिडी. तिने तरुणपणी शॉर्टहँड शिकून घेतलं होतं आणि नवऱ्याची प्रवचनं ती शब्दन्‌शब्द उतरवून घ्यायची. तो गेला तेव्हा पदरात चार वर्षांची मुलगी. इंग्लंडला परत आल्यावर तिने ऑक्सफर्डमध्ये घरात विद्यार्थी ठेवले. त्यांचं चहापाणी, जेवणखाण, मुलीचं सगळं, आणि उरलेल्या वेळात वह्यांच्या त्या ढिगातून वर्षाच्या प्रत्येक दिवसाचं एकेक पान. मुखपृष्ठावर तिचं नाव नाही. प्रस्तावनेखाली फक्त 'बी. सी.' अशी दोन अक्षरं.

म्हणजे दैनिक मननाचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक एका एकट्या, कामाखाली बुडालेल्या आईने बनवलं. आणि त्या पुस्तकात तुम्हाला थोपटणारं पान शोधून सापडणार नाही. तो माणूस वाचकाला सरळ फैलावर घेतो. मला अर्ध्या वेळा त्याचं पटत नाही, काही पानांवर मी पेन्सिलीने चक्क 'नाही' असं लिहून ठेवलंय. पण भाजी चिरताना त्याच्याशी भांडण चालू राहतं. तेही पान वाचायला पाचच मिनिटं लागतात हो. ते संपायला मात्र तीन दिवस लागतात. पान लहान असण्याशी माझं वैर नाही. वैर आहे ते वाचणारीला लहान समजण्याशी.

मग ही गुलाबी पुस्तकं का निघतात? कारण खपतात, दुसरं काय. 'जीझस कॉलिंग' हे २००४ सालचं पुस्तक घ्या. लेखिका सेरा यंग, २०२३ मध्ये वारल्या. त्या स्वतः वर्षानुवर्षं आजारी होत्या आणि त्यांच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेणार नाही. पुस्तक येशूच्या तोंडी, प्रथमपुरुषात लिहिलेलं आहे. (हे मला पचत नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) तीन कोटींहून जास्त प्रती गेल्या. मग लहान मुलांची आवृत्ती, टीनएजर्सची आवृत्ती, मोठ्या टायपातली, चामडी बांधणीतली, नोट्स काढायला जागा असलेली. ते काढणारी थॉमस नेल्सन ही जुनी ख्रिस्ती प्रकाशनसंस्था २०१२ मध्ये हार्परकॉलिन्सने घेतली. झोंडरव्हन ही दुसरी मोठी संस्था तर १९८८ पासूनच त्यांच्याकडे आहे. पुस्तकं विकणं हे काही पाप नाही, मीही सॉफ्टवेअर विकूनच जगते. पण एकदा 'आई' हा ग्राहकांचा गट झाला की त्या गटाला काय हवंय एवढंच बघितलं जातं. आणि दमलेल्या माणसाला काय हवंय असं विचारलं तर तो गोड काहीतरी म्हणतो. रात्री अकरा वाजता मला विचाराल तर मीही आइस्क्रीमच म्हणेन.

या पुस्तकांत दोन उतारे हटकून असतात. त्यांचं काय करून ठेवलंय ते बघा.

पहिला मार्था आणि मरीयेचा, लूकच्या दहाव्या अध्यायातला. येशू घरी येतो, मार्था स्वयंपाकात अडकते, मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते, मार्था तक्रार करते, आणि येशू मरीयेची बाजू घेतो. यावरून पुस्तकं सांगतात: ताई, जरा मरीयेसारखी हो, पाच मिनिटं काढ. आणि मग उठून परत मार्था हो. म्हणजे दोघींचं काम एकटीनेच करायचं! वास्तविक त्या गोष्टीत येशू मरीयेला 'पाच मिनिटं बस आणि मग भाकरी टाकायला जा' असं म्हणत नाही. तिने जे निवडलंय ते तिच्याकडून काढून घेतलं जाणार नाही, असा त्याचा रोख आहे. त्या काळात गुरूच्या पायाशी बसून शिकणं ही पुरुषांची जागा होती. त्याने ती जागा एका बाईसाठी राखली, तेही सैपाक अर्धवट पडलेला असताना. एवढी मोठी गोष्ट, आणि आपण तिचं टाइम मॅनेजमेंट करून टाकलं.

दुसरा उतारा नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातला, सद्गुणी स्त्रीचा. पहाट व्हायच्या आधी उठते, लोकर कातते, शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, रात्री तिचा दिवा विझत नाही. हे वाचून किती बायका खचल्या असतील देव जाणे. पण अध्याय नीट उघडून वाचा. पंधराव्या वचनात तिच्या दासींचा उल्लेख आहे. दासी, अनेकवचनी! आमच्याकडे एक मावशी दोन दिवस आल्या नाहीत तर घराचं काय होतं ते मला विचारा. आणि अध्यायाची सुरुवात कशी होते? लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेली वचनं, अशी. म्हणजे बोलणारी एक आई आहे आणि ऐकणारा तिचा मुलगा. बाईची किंमत कशात बघायची ते ती पोराला शिकवतेय. ते आपण आयांच्या हातात टू-डू लिस्ट म्हणून दिलं. मुलांना कोण देणार?

इतकं बोलल्यावर एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. पप्पा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मी याच पाचांपैकी एक पुस्तक पर्समध्ये ठेवलं होतं आणि आयसीयूच्या बाहेर रोज एक पान वाचत होते. त्या वेळी मला कुणी जाडजूड काही दिलं असतं तर मी ते भिरकावलं असतं. बाळंतपणानंतरचे पहिले तीन महिनेही तसेच. तेव्हा चहा-बिस्किटावर दिवस निघतो आणि बिस्किटाला नावं ठेवण्यात अर्थ नसतो. माझं म्हणणं एवढंच की बिस्किटाला जेवण म्हणू नका, आणि कुणाला वर्षानुवर्षं त्यावरच ठेवू नका.

कारण एक रात्र येते. लेक चौदा महिन्यांची होती, ताप एकशे तीनच्या खाली येईना. नवरा क्लायंटकडे परगावी. दर दोन तासांनी ओल्या फडक्याने पुसत होते, सकाळी रिलीज होतं, आणि मी देवावर इतकी चिडले होते की प्रार्थनेचा पहिला शब्द सुचेना. सवयीने ते गुलाबी पुस्तक उघडलं. त्या तारखेचं पान चिमुकल्या हातांबद्दल आभार मानण्याचं होतं. मी ते मिटलं, म्हणजे अक्षरशः कॉटखाली सरकवलं, आणि फोनवर स्तोत्रसंहिता उघडली. अंगठा कुठे थांबला तर अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रावर.

ते स्तोत्र वाचलं नसेल तर वाचा. रात्रंदिवस हाका मारणारा एक माणूस, तोंड फिरवलेला देव, दुरावलेले मित्र. बाकीच्या बहुतेक विलापांत शेवटी कुठेतरी 'तरीही' येतं. यात येत नाही. शेवट अंधारात होतो, बस्स. कुणीतरी हे शेकडो वर्षांपूर्वी लिहिलं, आणि ते पवित्र शास्त्रातून कुणी काढून टाकलं नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की इथे माझ्या बोलण्याला जागा आहे. ताप पहाटे उतरला तो औषधाने. मी उतरले ते त्या स्तोत्राने. माझ्या पाच पुस्तकांत, हो, मी नंतर मुद्दाम पान न्‌ पान उलटून बघितलं, अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र एकदाही नाही.

आणि आपल्याकडे काय नाही म्हणून आपण कॉफीच्या मगांकडे बघतोय? लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' शाळेत धडा म्हणून वाचलं आणि सोडून दिलं, माझ्यासकट सगळ्यांनी. १८९५ मध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा या बाईचं जग एका दिवसात मोडलं. काही वर्षं नवऱ्यापासून दूर, मुलाला घेऊन. पुढे १९०० मध्ये तिने स्वतः, स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. लिहावाचायला शिकली तीही लग्नानंतर. अहमदनगरला (आता अहिल्यानगर) तिचं घर म्हणजे स्वतःची मुलं, टिळकांनी आणलेली मुलं, येणारे-जाणारे, आणि हातात पैसा न टिकणारा नवरा. टिळक १९१९ मध्ये गेल्यावर त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' तिनेच पूर्ण केलं. आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' छापून येऊ लागलं तेव्हा तिने साठी ओलांडली होती.

त्या पुस्तकात नवऱ्यावरचा राग झाकलेला नाही, देवाबद्दलचा गोंधळ झाकलेला नाही, आणि हसू तर पानोपानी आहे. कुठेही 'मग माझ्या लक्षात आलं की देवही असाच' असा शेवट नाही. गेल्या पावसाळ्यात मी ते कंपनीच्या बसमध्ये, तुकड्यातुकड्याने, जवळजवळ चार महिन्यांत वाचलं. ते मननाचं पुस्तक नाही हे मलाही ठाऊक आहे. पण विश्वास ठेवणारी बाई घरातल्या रगाड्यात कशी दिसते हे मला कुठल्याच गुलाबी पुस्तकाने त्याहून चांगलं दाखवलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, चार महिने, बस, ठीक आहे, पण वेळ कुठून आणायचा? बरोब्बर. इथेच सगळी मेख आहे. मागे आमच्या मंडळीतल्या एका काकूंना मी म्हटलं होतं,

"काकू, वाचायला वेळच मिळत नाही हो."

"म्हणून तर छोटं पुस्तक दिलं ना बाळा तुला."

काकू मायेने बोलल्या, त्यांच्यावर राग नाही. पण या एका वाक्यात सगळा धंदा आला. बाईला वेळ नाही हे सगळ्यांना दिसतं. त्यावर उपाय काय, तर तिचं पुस्तक छोटं करा. तिचं काम कुणी छोटं करत नाही. पाच मिनिटांचं पुस्तक ही बाकीच्या घराने स्वतःला दिलेली सोय आहे: बघा, आम्ही तिच्या आत्म्याचीही व्यवस्था केली, आणि कुणाला उठावंसुद्धा लागलं नाही.

मला पाच मिनिटांचं पुस्तक नको. मला अर्धा तास हवा. आठवड्यातून एकदा चालेल. आमच्याकडे आता रविवारी दुपारी तीन ते साडेतीन दार बंद असतं. बाहेर लेक आणि तिचा बाबा काय गोंधळ घालायचा तो घालतात. सुरुवातीला त्याला वाटलं हे दोन आठवड्यांचं खूळ आहे. सात महिने झाले. मी आठवड्याला एक स्तोत्र घेते, तेच ते, रविवारी नीट आणि मग आठवडाभर येता-जाता आठवेल तसं. दीडशे स्तोत्रं म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. तारीख नाही, बॅकलॉग नाही, रिकाम्या रेघा नाहीत. एखादा रविवार बुडला तर तेच स्तोत्र पुढच्या आठवड्यात. देवाला घाई नसावी असं आपलं माझं मत.

पुढच्या महिन्यात आमच्या मंडळीत एका बाळाचा बाप्तिस्मा आहे. आई माझ्यासारखीच, आयटीतली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिला किमान तीन गुलाबी पुस्तकं मिळणार हे मी आत्ताच लिहून देते. माझ्याकडून एक साधं पाकीट जाणार आहे. आत चिठ्ठी: 'चार रविवार, उपासनेनंतर एक तास, बाळ माझ्याकडे. तू काय वाचतेस ते विचारणार नाही. झोपलीस तरी चालेल.'

असो. साडेतीन वाजले, दारावर थापा सुरू झाल्यात.